रक्ताची साक्ष



गेल्या हिवाळ्यात रिद्धपूरच्या एका शाळेत विज्ञान मेळावा होता. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. प्रकाशाचे शोषण या विषयावर तासभर बोललो, रंगीत पाण्याच्या बाटल्यांतून उजेड पाडून दाखवला. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी आईला घेऊन पुढे आली. तिने विचारले, “सर, माझ्या धाकट्या भावाचं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी त्याची पोळी कायमची बंद केली. गव्हाने कोणी आजारी पडतं का? आणि रक्तात गहू दिसतो कसा?”

भावाची हकीकत अशी होती. सहावीतला मुलगा, पण अंगाने तिसरीतला वाटावा. पोट फुगलेले, चेहरा पांढुरका. दोन वर्षे रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण रक्त वाढेना. मध्यंतरी कोणीतरी सांगितले म्हणून आईने काही महिने त्याची पोळी थांबवली. मुलगा जरा बरा दिसू लागला. नेमके त्याच सुमारास एके ठिकाणी रक्त तपासले, तर अहवालात दोष नाही! पुन्हा पोळी सुरू झाली आणि पुन्हा आजार. शेवटी दुसऱ्या तपासणीत आणि आतड्याच्या तपासणीत निदान झाले : सिलिअॅक रोग.

मुलीचा खरा प्रश्न यापुढेच होता. “मग माझंही रक्त तपासायचं का?” आई म्हणाली, “तपासाची कटकटच कायले, सर? मी साऱ्याइचीच पोयी बंद करून टाकतो.”

आईचा उपाय सोपा दिसतो, पण तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे समजण्यासाठी रक्ताची तपासणी म्हणजे काय आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे दोन्ही पाहायला हवे. हा विषय वैद्यकाचा आहे खरा, पण त्यात मोजमापाचे शास्त्र आहे, आणि तो प्रांत आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांचाही आहे.

गव्हातील चिवट पदार्थ

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा. पांढरा चीक खाली बसतो, तो पिष्टाचा. गाळणीवर राहतो तो चोथा. या चोथ्यात कोंड्याबरोबर एक चिवट, रबरासारखा पदार्थ असतो. तोच ग्लुटेन. हे गव्हातील प्रथिन आहे. कणिक ताणली जाते आणि पोळी पातळ लाटता येते ती त्याच्यामुळे. ज्वारीत हा पदार्थ नाही. म्हणून ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी थापावी लागते. तांदूळ, बाजरी, मका, नाचणी यांतही तो नाही. जव आणि राय या धान्यांत मात्र त्याची भावंडे आहेत.

ग्लुटेन पचायला अवघड असते. त्यातील एक तुकडा ३३ अमिनो आम्लांच्या साखळीचा असून आपले पाचकरस तो तोडू शकत नाहीत. बहुतेकांना त्याने काही होत नाही. परंतु काही माणसांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा या तुकड्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. लहान आतड्याच्या आतील भिंतीवर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यामुळे. रोगात हे रसांकुर झिजून सपाट होतात. मग लोहाच्या गोळ्या कितीही घ्या, शोषणार कोण? मुलाचे रक्त का वाढत नव्हते, हे आता ध्यानात आले असेल.

या रोगाचे चांगले वर्णन सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरने १८८८ साली केले, पण दोष गव्हाचा हे कळायला साठ वर्षे लागली. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना ही शंका आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्या काळातही ही आजारी मुले तग धरून राहिली. डिके यांनी पुढे पद्धतशीर प्रयोग केले आणि १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हावरचा आरोप सिद्ध केला.

रक्तात दिसते ते काय?

रक्तात गहू दिसत नाही. रक्तात दिसतात ती प्रतिपिंडे. देवी, गोवर अशा रोगांचे जंतू शरीरात आले की शरीर त्यांच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते, हे तुम्ही शिकला आहात. कुलपाला किल्ली बसावी तसे प्रत्येक प्रतिपिंड आपापल्या लक्ष्यालाच चिकटते. सिलिअॅक रोगात ही प्रतिपिंडे शरीराच्या स्वतःच्याच एका विकराविरुद्ध, म्हणजे एंझाइमविरुद्ध, तयार होतात. त्याचे नाव ट्रान्सग्लुटामिनेज. हे लक्ष्य जर्मनीतील संशोधकांनी १९९७ साली ओळखले. त्यानंतर रक्ताची तपासणी सोपी झाली आणि हजारो लोकांचे रक्त एकदम तपासणारे अभ्यास शक्य झाले.

तपासणीची रीत ‘एलायझा’ या नावाने ओळखली जाते. ती १९७१ साली स्वीडनमध्ये एंगव्हाल आणि पेर्लमान यांनी मांडली. तिच्या पायऱ्या अशा :

१. प्लॅस्टिकच्या एका ताटलीत ९६ लहान खळगे असतात. त्यांच्या तळाशी ट्रान्सग्लुटामिनेज चिकटवलेले असते.

२. रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर रक्तरस पातळ करून खळग्यात घालतात. त्यात प्रतिपिंडे असतील तर ती तळाला चिकटतात. बाकीचे धुऊन टाकतात.

३. आता दुसरे प्रतिपिंड घालतात. हे माणसाच्या प्रतिपिंडाला चिकटते आणि त्याच्या पाठीवर रंग आणणारे एक विकर बसवलेले असते. पुन्हा धुतात.

४. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. विकर शिल्लक असेल तर तो निळा होतो. आम्ल घालून क्रिया थांबवली की रंग पिवळा होतो.

जितकी प्रतिपिंडे जास्त, तितका रंग गडद. रंग किती गडद हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. पिवळा द्रव निळा प्रकाश शोषतो, म्हणून ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश खळग्यातून सोडतात आणि पलीकडे किती पोचला ते मोजतात. दहावा हिस्सा पोचला तर शोषणांक १, शंभरावा पोचला तर २. माझ्या रंगीत पाण्याच्या बाटल्यांचा प्रयोग तो हाच!

रेघ कोठे मारायची?

यंत्र ‘रोगी’ किंवा ‘निरोगी’ असे सांगत नाही. ते फक्त एक आकडा देते. परीक्षेत ३५ गुणांची रेघ आपण मारतो, तशीच येथेही एक रेघ मारावी लागते. रेघ खाली ओढली तर एकही रोगी सुटणार नाही, पण अनेक निरोगी उगाच पकडले जातील. वर नेली तर उलटे होईल. म्हणून प्रत्येक तपासणीचे दोन गुण पाहतात. शंभर रोग्यांपैकी किती जणांना ती पकडते, ही तिची संवेदनशीलता. शंभर निरोग्यांपैकी किती जणांना ती निरोगी म्हणून सोडते, ही तिची विशिष्टता.

समजा, एका तपासणीची संवेदनशीलता ९५ आणि विशिष्टता ९८ आहे. (हे आकडे मी हिशोबासाठी घेतले आहेत.) तपासणी उत्तम वाटते ना? आता तिने १०,००० माणसे तपासू आणि ‘दोष आहे’ असा अहवाल किती वेळा खरा ठरतो ते पाहू.

पहिली वस्ती : शंभरात १ रोगी. एकूण रोगी १००, त्यांपैकी ९५ पकडले. निरोगी ९,९००, त्यांतील शंभरी २ म्हणजे १९८ उगाच पकडले. एकूण अहवाल २९३, खरे ९५. म्हणजे तिनातला एकच खरा.

दुसरी वस्ती : दहा हजारांत १ रोगी. तो बहुधा पकडला जाईल. निरोगी ९,९९९, त्यांपैकी सुमारे २०० उगाच पकडले. म्हणजे दोनशे एक अहवालांत एक खरा!

तिसरी वस्ती : शंभरात ८ रोगी. रोगी ८००, पकडले ७६०. निरोगी ९,२००, उगाच पकडले १८४. एकूण ९४४, खरे ७६०. म्हणजे पाचातले चार खरे.

तपासणी तीच, यंत्र तेच, रेघ तीच. तरी एकाच अहवालाचा अर्थ तीन ठिकाणी तीन प्रकारचा झाला. अहवाल किती विश्वासाचा, हे तपासणीवर जितके अवलंबून असते तितकेच ते कोणाला तपासले यावरही असते. मित्रांनो, या लेखातून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

तिसरी वस्ती मी उगाच घेतली नाही. सिलिअॅक रोग झालेल्यांच्या सख्ख्या भावंडांत हा रोग शंभरात सुमारे ९ जणांना आढळतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली दाखवण्यात आले. आपली नववीतील विद्यार्थिनी याच वस्तीत मोडते. म्हणून तिचे रक्त तपासणे शहाणपणाचे. पण तिच्या वर्गातल्या साऱ्या मुलींचे सरसकट तपासले, तर हाती काळजीच जास्त लागेल.

दुसरी साक्ष

मग हजारो लोकांचा अभ्यास करणारे संशोधक काय करतात? ते एका साक्षीवर निकाल देत नाहीत. लीळाचरित्र रिद्धपूरलाच सिद्ध झाले, हे येथील मुलांना सांगायला नको. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. संशोधनाची रीत तेव्हाही हीच होती, आजही हीच आहे.

पहिल्या वस्तीतील २९३ जणांची दुसऱ्या, वेगळ्या प्रकारच्या पण तितक्याच चांगल्या तपासणीने परीक्षा घ्या. ९५ खऱ्यांपैकी सुमारे ९० टिकतील, १९८ खोट्यांपैकी केवळ ४ उरतील. आता ९४ पैकी ९० खरे! मात्र दुसरी तपासणी खरोखर वेगळी हवी. तीच तपासणी पुन्हा केली तर तीच चूक पुन्हा होण्याचा संभव असतो.

वेगळी तपासणी म्हणून १९८३ साली पुढे आलेली एक रीत वापरतात. तीत रक्तरस ऊतीच्या पातळ कापावर टाकतात आणि प्रतिपिंडे चिकटली असतील तर ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकतात. शेवटची साक्ष आतड्याची. दुर्बिणीसारखी नळी तोंडावाटे आत घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढतात आणि रसांकुर शाबूत आहेत का ते पाहतात. मुलांच्या बाबतीत प्रतिपिंडांचे प्रमाण रेघेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि नव्याने घेतलेल्या रक्तात दुसरी तपासणीही तेच सांगत असेल, तर तुकडा न काढताही निदान करता येते, असा नियम युरोपातील तज्ज्ञांनी घालून दिला आहे.

विदर्भातील मुलांना ही दोन पायऱ्यांची रीत नवी वाटू नये. सिकलसेलच्या शिबिरात आधी रक्ताचा थेंब द्रावणात टाकून साधी तपासणी होते. तीत दोष दिसला तरच विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी पुढची तपासणी करतात.

भारतातील मोठा अभ्यास

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. भारतीय संशोधकांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील २३ हजारांहून अधिक निरोगी दिसणाऱ्या प्रौढांचे रक्त तपासले. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली त्यांना आतड्याच्या तपासणीसाठी बोलावले.

उत्तरेत दर हजारी ८.५३ जणांना रोग होता. आणखी ३.७० जणांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, पण रोग प्रकट नव्हता. याला सुप्त अवस्था म्हणतात. ईशान्येत हे आकडे ४.६६ आणि ३.९२ होते. दक्षिणेत ०.११ आणि १.२२. दक्षिणेतील सुमारे नऊ हजार माणसांत रोगी निघाला अवघा एक!

हे आकडे आपल्या हिशोबाशेजारी ठेवून पाहा. उत्तरेत रक्ताने बोट दाखवलेल्या दहांपैकी सुमारे सात जणांना रोग होता. दक्षिणेत बारांपैकी एकालाच. सुप्त अवस्थेतील सगळेच अहवाल खोटे, असे मात्र नाही. त्यांपैकी काहींना पुढे रोग होऊ शकतो. पण रोग जेथे दुर्मिळ, तेथे रक्ताची एकटी साक्ष दुबळी, हे येथेही दिसतेच.

आता प्रश्न असा की उत्तर-दक्षिण इतका फरक का? या रोगासाठी विशिष्ट जनुके अंगी असावी लागतात. संशोधकांनी काही जणांची जनुके तपासली. उत्तरेत ३८.१ टक्के, ईशान्येत ३१.४ टक्के, दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत ती होती. म्हणजे मोठा फरक नाही. मग त्यांनी ताटात पाहिले. गव्हाचे रोजचे सरासरी सेवन उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत केवळ २५! ईशान्येत गहू कमी असूनही रोग बराच होता, तेव्हा गहू हेच एकमेव कारण म्हणता येणार नाही. तरी उत्तर आणि दक्षिण यांतील फरकाशी त्याचा संबंध असावा असे दिसते.

या तीन भागांत आपले वऱ्हाड नव्हते. आपण ज्वारीच्या मुलखातले. आजोबांच्या ताटात रोज भाकरी आणि सणाला पोळी असे. आता अनेक घरांत पोळी रोजची आणि भाकरी हौसेची झाली आहे. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत, ताट मात्र बदलते. म्हणून हा प्रश्न आपल्या डॉक्टरांनी आणि शिक्षकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खुरटलेले, पांढुरके मूल दिसले की ‘कुपोषण’ म्हणून आपण मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गोळ्या आणि सकस आहार देऊनही सुधारणा होत नसेल, तर दुसरे कारण शोधायला हवे.

काळ बदलला की रोगही बदलतो का? अमेरिकेत याचे उत्तर जुन्या रक्तात सापडले. तेथील एका हवाई तळावर १९४८ ते १९५४ या काळात घेतलेले ९,१३३ तरुणांचे रक्तरस गोठवून जपलेले होते. संशोधकांनी अर्ध्या शतकानंतर ते बाहेर काढून तपासले. निष्कर्ष २००९ साली आले. जुन्या नमुन्यांत हजारी २ जणांना हा रोग होता, पण कोणाला कळलेला नव्हता. आजच्या लोकांत तो चौपटीहून अधिक निघाला. जुन्या तरुणांपैकी ज्यांच्या रक्तात दोष होता, त्यांच्यात पुढील ४५ वर्षांतील मृत्यूचे प्रमाणही इतरांच्या जवळजवळ चौपट होते. तरुण शिपायाचे रक्त त्याच्याविषयी त्यालाच माहीत नसलेली गोष्ट सांगत होते!

आईचा उपाय का चुकीचा?

आता रिद्धपूरला परत येऊ. प्रतिपिंडे तयार होतात ती ग्लुटेन पोटात जात असते म्हणून. गहू बंद केला की काही महिन्यांत ती कमी होऊ लागतात आणि आकडा रेघेखाली उतरतो. मुलाची पहिली तपासणी फसली ती त्यामुळेच. आईने साऱ्या घराची पोळी बंद केली असती, तर मुलीच्या रक्तानेही खोटी साक्ष दिली असती, आणि तिला रोग आहे की नाही हे कधी कळलेच नसते. म्हणून नियम असा : आधी तपासणी, मग पथ्य.

आणखी एक फसवणूक होऊ शकते. तपासणीत सहसा ‘आयजीए’ वर्गातील प्रतिपिंडे मोजतात. काही माणसांच्या शरीरात हा वर्गच तयार होत नाही. सिलिअॅक रोग्यांत अशी माणसे शंभरात दोन-तीन असतात. म्हणून रक्तातील एकूण आयजीएही मोजावे लागते. काट्याचे पारडेच तुटलेले असेल तर शून्य वजनाला अर्थ काय?

मुलीने पोळी खाणे चालू ठेवले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घेतले. दोष निघाला नाही. परंतु ही साक्ष आजची आहे, जन्मभराची नव्हे. पुढे काही त्रास झाला किंवा डॉक्टरांनी सांगितले, तर पुन्हा तपासावे लागेल.

भावाचे पथ्य मात्र जन्मभराचे. पोळी, पाव, रवा, शेवया, रोडगे आणि पानगे बंद. कुरडयाही बंद, कारण चिकात थोडे ग्लुटेन राहतेच. बाजारच्या खड्या-पुडीच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आणि चक्कीवर गव्हाच्या मागून ज्वारी दळली तर भाकरीतही गहू येतो. म्हणून आई आता त्याची ज्वारी घरच्या जात्यावर दळते. मुलाचे रक्त वाढू लागले आहे आणि या वर्षी गणवेश आखूड झाला म्हणून घरात आनंद आहे.

करून पाहा

मूठभर गव्हाच्या पिठाची घट्ट कणिक मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग वाडग्यातील पाण्यात ती हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी पांढरे होईल. त्यात आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला म्हणजे ते पिष्ट. पाणी बदलत धूत राहा. हाती उरेल तो चिवट गोळा ताणून पाहा. हेच ग्लुटेन. आता ज्वारीच्या पिठाचे तसेच करा. हाती काय उरते?

स्वाध्याय

१. शंभरात ५ रोगी असलेल्या वस्तीतील १०,००० माणसे वरच्याच तपासणीने तपासली. ‘दोष आहे’ असे किती अहवाल येतील आणि त्यांपैकी खरे किती?

२. गव्हाचे पथ्य सुरू केल्यानंतर तपासलेल्या रक्तात दोष आढळला नाही. यावरून रोग नाही असे म्हणता येईल का? कारण द्या.

(पहिल्याचे उत्तर : अहवाल ६६५, खरे ४७५.)